मट्टांचेरीत समुद्र कुठल्या बाजूला असतो

कोकणातल्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. समुद्र ज्या अंगाला ती पश्चिम, डोंगर ज्या अंगाला ती पूर्व, आणि आपण मधे. माझी आई वेंगुर्ल्याची. लग्न होऊन डोंबिवलीत आली त्याला जन्म लोटला, पण अजूनही स्टेशनच्या पुलावर उभी करून विचारलं तर ती न अडखळता हात करून सांगेल, समुद्र तिकडे. आणि ते बरोबर असतं.

कोचीत मात्र या हिशेबाचा काही उपयोग नाही. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी हा सगळा भाग म्हणजे जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्याचं उत्तरेकडचं टोक. पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तरेला बंदरात शिरायचं तोंड, त्यापलीकडे वैपीन. पूर्वेला खाडी, आणि खाडीत विलिंग्डन बेट. हे बेट मुळात एवढं नव्हतंच. १९२०च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करायला सुरुवात झाली आणि उपसलेला गाळ टाकून टाकून ते मोठं केलं. आता त्यावर क्रेन उभ्या आहेत आणि मोठाली जहाजं लागतात. थोडक्यात, इथे तीन दिशांना पाणी दिसतं, तिन्हीकडे होड्या दिसतात, आणि नवख्याला खाडी कुठली नि समुद्र कुठला हे नुसतं बघून कळत नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघीच गेलो होतो. बाबांचे गुडघे साथ देत नाहीत आणि नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. मुक्काम फोर्ट कोचीत, परेड ग्राउंडच्या जवळ एका घरगुती लॉजमध्ये. नाताळ तोंडावर आल्यामुळे घराघरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या होत्या. सकाळी चिनी जाळी बघून झाली. जाळं पाण्यात सोडायचं, चार-पाच जणांनी दोर ओढून ते वर काढायचं, दुसऱ्या टोकाला वजन म्हणून दगड लटकवलेले. एवढ्या खटाटोपातून निघालेली मासळी बघून आई म्हणाली, "एवढी तर आमच्याकडे पाग टाकून मिळते." मग रिक्षाने मट्टांचेरीला गेलो.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिला, आणि पुढे डचांनी १६६३ मध्ये शहर घेतल्यावर त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून साधी कौलारू इमारत. आत भिंतीभर रामायण. पण आईला खिळवून ठेवलं ते जमिनीने. काळ्या संगमरवरासारखी चकाकते, आणि प्रत्यक्षात आहे करवंट्यांचा कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्यातला पांढरा बलक यांची. फोटो काढायला बंदी असल्यामुळे तिने वाकून हात लावून बघितलं. वेंगुर्ल्यालाही एक डच वखार आहे, याच डच कंपनीची, सतराव्या शतकातली. आईच्या लहानपणापासून ती पडीकच. "एकाच मालकाची दोन घरं," ती म्हणाली, "एकाला तिकीट लावलंय आणि एकात झाडं उगवलीत."

तिथून शेजारच्या ज्यू टाऊनमध्ये. तिथलं 'परदेशी सिनेगॉग' नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ १५६८ चं. आत चपला काढून जायचं आणि पायाखाली चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या. एकसारखी दुसरी नाही म्हणतात. आईने जोडी शोधायचा चंग बांधला. तिला ती सापडली नाही, पण या नादात बराच वेळ गेला आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आता परत जायचं. सरळ रस्त्याने दोन-तीन किलोमीटर असेल. रिक्षा रांगेत उभ्या होत्या, पण प्रत्येक रिक्षावाल्याला आम्हाला आधी एका मसाल्याच्या दुकानात न्यायचं होतं. फक्त दहा मिनिटं, घ्यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं बघा. सकाळीसुद्धा असंच झालं होतं. आई चिडली की मालवणीवर येते. "चलत जावया," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

दोन गोदामांच्या फटीतून पाणी दिसलं. पलीकडे क्रेन, एक जहाज. "तो बघ समुद्र," आई म्हणाली. "म्हणजे ही पश्चिम. आपल्याला जायचंय उत्तरेला. पाणी डाव्या हाताला ठेवायचं आणि चालायचं."

तर्कात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते पाणी पूर्वेचं होतं. पूर्वेचं पाणी डाव्या हाताला ठेवून चालणारा माणूस दक्षिणेला जातो, म्हणजे फोर्ट कोचीच्या बरोबर उलट.

हे आधी ध्यानात आलं नाही, कारण रस्ता बघण्यासारखा होता. जुनी लांबलचक गोदामं, बाहेरून बंद वाटणारी, पण एखादं दार उघडं असलं की आत मोठं अंगण आणि त्या अंगणाच्या पार टोकाला खाडी. पूर्वी माल थेट होडीत चढवता यावा म्हणून ही रचना. एका अंगणात सुंठ वाळत घातली होती आणि बायका ती निवडत होत्या. वास नाकात असा चढला की दोघी शिंकायला लागलो, आणि त्या बायका आमच्याकडे बघून हसल्या. मिरी, वेलची, जायपत्री. याच परिसरात कधीकाळी मिरीचे वायदे माणसं समोरासमोर ओरडून करत. आता हातगाड्या आहेत, लुंगी दुमडलेले हमाल आहेत, आणि मधूनच एखाद्या गोदामाचं पॉश कॉफीचं दुकान झालेलं आहे.

संशय आला तो उन्हामुळे. साडेबारा वाजले असतील. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, सावली उत्तरेला पडते. आम्ही उत्तरेला चाललो असतो तर ऊन पाठीवर यायला हवं होतं. ते आमच्या तोंडावर येत होतं आणि सावल्या मागे पडत होत्या. मी आईला हे सांगितलं.

"मगे काय समुद्र चुकलो?"

यावर काय बोलणार. मी फोन काढला. नकाशाने अगदी आत्मविश्वासाने एका गल्लीतून रस्ता दाखवला. गल्ली एका गोदामाच्या फाटकाशी संपली. फाटकाला कुलूप, वर काटेरी तार. दुसरी गल्ली दाखवली, ती एका घराच्या अंगणातून जात होती आणि अंगणात आजोबा खाटेवर झोपले होते. पायवाट असेलही, पण झोपलेल्या माणसाच्या उशाशून जायचं कसं? परत फिरलो. तेवढ्यात सकाळपासून व्हिडिओ काढून दमलेल्या फोनने मान टाकली. आईचा फोन बटणांचा. त्यात बाबांचा, मामाचा आणि दूधवाल्याचा नंबर होता. लॉजचा नव्हता.

अशा वेळी पाणी मागे सोडायचं एवढंच मला सुचलं. खाडीकडे पाठ करून आत शिरलं की कधीतरी पलीकडचा खरा समुद्र येणारच, पट्टा चिंचोळा आहे. विचार चांगला होता, पण मट्टांचेरीच्या गल्ल्या कुणाच्या विचाराने चालत नाहीत. सरळ म्हणून धरलेली गल्ली तिसऱ्या घरापाशी वळते, चौथ्यापाशी पुन्हा वळते. पाट्या मल्याळममध्ये. फक्त एक पाटी इंग्रजीत वाचता आली, कप्पलंडीमुक्क. तिथे चहाची टपरी होती आणि काचेमागे पळमपोरी, म्हणजे पिठात बुडवून तळलेली पिकलेली केळी. दोन पळमपोरी आणि दोन चहा घेतले आणि मी विचारलं, "चेट्टा, बोट जेट्टी?"

तिथे बसलेल्या तिघांनी तीन दिशांना हात केले. मग त्यांचं आपापसात सुरू झालं. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण भांडण कळत होतं. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की तिघंही बरोबर होते. एक मट्टांचेरीच्या जेट्टीची वाट दाखवत होता, म्हणजे जिथून आम्ही आलो तिथलीच. दुसरा फोर्ट कोचीच्या जेट्टीची. तिसऱ्याने आमच्याकडे बघून ठरवून टाकलं होतं की या बायकांना एर्नाकुलमला जायचं असणार आणि त्यांनी बस धरावी. या शहरात जेट्टी कुठे असं विचारणं म्हणजे मुंबईत स्टेशन कुठे असं विचारणं. "फोर्ट कोची, परेड ग्राउंड," असं म्हटल्यावर तिघांचं एकमत झालं आणि सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं, "नेरे, नेरे." म्हणजे सरळ. समोर रस्ता दोन फाट्यांत फुटलेला होता.

डावा फाटा धरला, कारण त्यावर सावली होती. थोडं पुढे गेल्यावर पाट्यांची लिपी बदलली. मल्याळमच्या गोल अक्षरांखाली एकदम गुजराती. शिरोरेषा नसली तरी आपल्याला लावून लावून वाचता येते. फरसाण, खाखरा, एका बोळाच्या तोंडाशी जैन देरासर आणि कबुतरांचा थवा. हा गुजराती रोड. कच्छ-काठियावाडचे व्यापारी पिढ्यान्पिढ्या इथे आहेत, त्यांची शाळा आहे, देवळं आहेत. कच्छी मेमनांच्या मशिदीही याच भागात. एका दुकानदाराने हिंदीत विचारलं, कुठून आलात. डोंबिवली म्हटल्यावर त्याची मावशी घाटकोपरला निघाली. त्याने सांगितलेली वाट अशी: इथून चेर्ळाई, चेर्ळाईहून अमरावती, अमरावतीहून पुढे कुणालाही विचारा.

"अमरावती?" आईने माझ्याकडे बघितलं. आत्ता कुठे केरळात आलोय नि हा माणूस आम्हाला विदर्भात पाठवतोय, असा तिचा चेहरा. अमरावती नावाची एक वस्ती फोर्ट कोचीतही आहे.

चेर्ळाईत शिरलो तेव्हा मी थकले होते आणि आई गप्प झाली होती, जे जास्त काळजीचं. घरं बसकी, कौलारू, पुढे ओटा, दारात तुळस. एका ओट्यावर एक बाई उभी राहून आत कुणालातरी हाक मारत होती. "हांगा यो!"

आई जागच्या जागी थांबली. मग माझ्याकडे न बघता त्या ओट्याकडे गेली आणि सरळ मालवणीत म्हणाली, "बाय, आमका फोर्ट कोचीक जावचा आसा. वाट खंयची?"

त्या बाईने आधी आईच्या साडीकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग तीही बोलू लागली. तिचं निम्मं मला कळत नव्हतं, मधे मल्याळम मिसळलेलं, हेल निराळा, पण आईला कळत होतं, किंवा कळत नसलेलं ती भरून घेत होती. वाट राहिली बाजूला. पहिला प्रश्न आला, जेवण झालं का. दुसरा, कुलदेव कोण. आईने सांगितलं, सातेरी. त्या बाईची म्हाळसा, गोव्यातल्या म्हार्दोळची. अजून जातो, ती म्हणाली, मुलाच्या मुंजीनंतर सगळे गेलो होतो.

मला वाचून माहीत होतं की कोचीत कोकणी लोक आहेत. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी धर्मांतराचा वरवंटा फिरवला तेव्हा कितीतरी सारस्वत घराणी दक्षिणेला निघाली. काही कारवार-मंगळूरला थांबली, काही थेट कोचीपर्यंत आली. चेर्ळाईतलं तिरुमल देवस्वम, त्यांचं व्यंकटाचलपतीचं मोठं देऊळ, त्या बाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण वाचलेलं असणं वेगळं आणि वाट चुकून त्यांच्याच ओट्यावर पाणी प्यायला बसणं वेगळं.

बाईंचे यजमान बाहेर आले. निवृत्त गृहस्थ, हिंदी-इंग्रजी उत्तम. त्यांनी देवळातल्या मूर्तीची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकाच्या शेवटी कोचीच्या शक्तन तंपुरान राजाचं आणि कोकण्यांचं बिनसलं, कत्तल झाली, आणि लोक मूर्ती घेऊन त्रावणकोरच्या हद्दीत पळाले. ती परत आणायला पुढच्या पिढ्या खर्ची पडल्या. आलप्पुळच्या आणि इथल्या लोकांत मूर्ती कुणाची यावरून किती वर्षं कुरबूर होती, हे ते काल घडल्यासारखं सांगत होते. मधेच उठून ते म्हणाले, तुम्ही मराठी आहात म्हणून सांगतो, आणि 'हॉर्टस मलाबारिकस'वर आले.

ही गोष्ट मला अर्धवट ठाऊक होती. डच गव्हर्नर वान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला, तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होता आणि तीन कोकणी ब्राह्मण होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. आपण ही माहिती खरी दिली आहे असं त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलं. भाषा कोकणी, अक्षरं नागरी. ते निवेदन पहिल्याच खंडात जसंच्या तसं छापलं आहे. म्हणजे सतराव्या शतकात युरोपातल्या एका छापखान्यात आपली अक्षरं उमटली ती या गावच्या माणसांमुळे. यजमानांनी हे इतक्या निवांतपणे सांगितलं की अप्पू भट शेजारच्या गल्लीत राहतात असं वाटावं.

इकडे आईचं आणि बाईंचं स्वयंपाकघरापर्यंत पोचलं होतं. पत्रोडे दोघींकडे होते. त्यांची दाळीतोय ही आपल्या वरणाचीच बहीण निघाली. आमसुलावर मात्र मतभेद झाले. बाई आंबटासाठी बिमली नावाचं फळ घालतात आणि आईला ते पटलं नाही. निघताना आईने त्यांच्याकडचे उडदाचे पापड मागून घेतले. पैसे द्यायला लागली तर बाई रागावल्या. मग पापड कुठे मिळतात ते दुकान तरी दाखवा म्हणाली, तेही दाखवलं.

नातवाला आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत पाठवलं. त्या मुलाने दहा मिनिटांत जे केलं ते नकाशाला जमलं नव्हतं. बोळ, देवळामागची भिंत, कुणाच्या तरी गोठ्याच्या बाजूने, आणि एकदम मोठा रस्ता. तिथून पुढे अमरावती, तिथून विचारत विचारत वेली नावाची वस्ती. वेलीतलं धोबीखानं वाटेत लागलं, ते मुद्दाम बघायला गेलो असतो तर कदाचित सापडलं नसतं. इथले धोबी मूळचे तमिळ, वण्णार समाजाचे, डचांच्या काळापासून इथे आहेत असं सांगतात. मैदानभर पांढरे कपडे वाळत होते आणि एकालाही चिमटा नव्हता. काथ्याचे दोन दोर एकमेकांत पिळलेले, त्या पिळात कपड्याचं टोक खोवायचं, की वाऱ्याने हलत नाही. आईने हे बराच वेळ बघितलं. परत आल्यावर तिने गच्चीतली नायलॉनची दोरी काढून टाकली, पण डोंबिवलीत काथ्याचा तसा दोर मिळाला नाही, म्हणून सध्या दोरीच नाही.

वेलीहून पश्चिमेला गेलं की खरा समुद्र. या वेळी सूर्य पाण्याच्या बाजूला होता, लाटा होत्या, वाळू होती, खारा वारा होता, आणि क्रेन नव्हत्या. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "हो समुद्र. तो मघाचो खाडी होती." जणू हे तिनेच शोधून काढलं होतं. पाणी डाव्या हाताला ठेवून चालत गेलो आणि मुक्कामी पोचलो.

कुणी जाणार असेल तर सांगते. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी, तेव्हा दोन्ही एका फेरीत करायचं तर हे वार टाळा. सिनेगॉगहून चालत परतायचं असेल तर बझार रोड सोडू नका. खाडी उजव्या हाताला ठेवून उत्तरेला निघालात की काल्वतीवरून फोर्ट कोचीत पोचता. रस्त्यात गोदामंही दिसतात. आणि सावली बघा. मधल्या गल्ल्यांत शिरायचं असेल तर हातात दुपार मोकळी ठेवून शिरा, आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून घ्या, कारण गल्लीतल्या माणसाला दाखवायला कागद बरा पडतो.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले तर आई खोलीत नव्हती. लॉजची मालकीण म्हणाली, सकाळीच बाहेर पडल्या. मी घाबरून रस्त्यावर आले, तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आई उतरली. हातात पापडांच्या पुड्या, शेजाऱ्यांसाठी, भावजयीसाठी, दूधवाल्यासाठीसुद्धा.

"एकटी कशी गेलीस?"

"रिक्षाने. मेलो मसाल्याच्या दुकानात नेऊक बघी होतो. त्याका सांगितलंय, माझी माणसा चेर्ळाईत रवतत, गप तिकडे ने."